निर्लेखनापूर्वी वाचावे

सरकारी भांडारात जुनी वस्तू निकामी ठरविण्याची तत्परता मोठी. ती वस्तू मुळात काय आहे हे पाहण्याची मात्र कोणास निकड नसते. यशवंतपूर येथील एका भांडाराच्या नोंदवहीत अलीकडेच वाचले : ‘दुर्बीण, जुनी, निकामी, नग 1’. ती बंदुकीवरील लक्ष्यदुर्बीण होती. नळीवर ‘नं. 32 मार्क 1’, ‘ओ. एस. 466 ए’, निर्मात्याची आद्याक्षरे, क्रमांक आणि 1943 हे साल कोरलेले होते. साक्षर माणसास आणखी काय हवे?

‘ओळख पटविणे हे तज्ज्ञांचे काम’ ही सबब मला मान्य नाही. याच नमुन्याच्या मार्क 2 वर ‘1650 ए’ असते, मार्क 3 वर ‘2039 ए’. जर्मन दुर्बिणींवर कारखान्याच्या नावाऐवजी तीन अक्षरे आढळतात : ‘बीएलसी’ म्हणजे येनाचे झाइस, ‘सीएडी’ म्हणजे व्हिएन्नाचे काहलेस. भिंगावर निळसर-जांभळट लेप असल्यास वस्तू बहुधा 1935 नंतरची. लेप नसल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरी हानी वेगळीच आहे. नं. 32 दुर्बीण ली-एनफिल्ड नं. 4 (टी) रायफलीशी जोडीने जुळविलेली असे. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर, तर रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पकडीवर उमटविलेला असे. आपण रायफल एका वहीत नोंदवितो, दुर्बीण दुसऱ्या. दोन वाटांनी दोन्ही गेल्या की ती जोडी पुन्हा कोणास जुळविता येणार नाही.

सामान्य वित्तीय नियम 2017 प्रमाणे दोन लाखांहून अधिक अवशिष्ट मूल्याची वस्तू निविदेने वा जाहीर लिलावाने विकावी लागते. परंतु जी वस्तू ओळखलीच नाही तिचे मूल्य समितीने ठरविले कशावरून? ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिले. तेथे विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. आमच्या लिलावात नेमके उलटे. भंगारवाला जाणकार, सरकार अडाणी!

1972 च्या पुरावस्तू कायद्याचा आधारही नाही, कारण त्यास शंभर वर्षे लागतात. 1943 ची वस्तू 2043 पर्यंत निराधार. तेव्हा निर्लेखनाच्या नमुन्यात निर्माता, खुणा व क्रमांक असे तीन रकाने आणि एक छायाचित्र सक्तीचे करावे. मी तसा शेरा दिला. ‘प्रकरणास विलंब होईल’ या टिपणीसह फाइल परत आली आहे.