कुंपणाच्या ठरावाला आमची दुरुस्ती

या जिल्हा मेळाव्यात एक ठराव येतो आहे. जंगली जनावरांपासून पीक वाचवण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याला तारेच्या कुंपणाकरिता शंभर टक्के अनुदान द्यावे, अशी मागणी आहे. ठराव मांडणारे आपलेच कार्यकर्ते आहेत. रात्र रात्र जागल करून त्यांचे डोळे लाल झालेले आम्ही पाहिले आहेत. तरीही हा ठराव आहे तसा मंजूर होऊ नये, असे आम्हाला वाटते. त्याची कारणे मेळाव्याआधी तुमच्यासमोर ठेवतो.

दुखणे काय आहे ते आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. तूर फुलोऱ्यावर आली की रोह्यांचा कळप शेंडे खुडून जातो. ज्वारीचे कणीस भरले की डुकरे ताटे आडवी करतात. खातात पसाभर, नासतात पोतेभर. आपल्या भागात ज्वारी का कमी झाली, याचे उत्तर अधिकारी भावात शोधतात. भाव हे कारण आहेच, पण ज्याच्या घरी जागलीला माणूस उरला नाही त्याने भाव असता तरी ज्वारी पेरली नसती. ज्वारी गेली तसा कडबा गेला आणि कडब्यापाठोपाठ दावणीची जनावरेही गेली.

मग माणूस हाताला येईल तो उपाय करतो. कोणी घरातल्या जुन्या साड्या धुऱ्याभोवती बांधतो, कोणी फटाके फोडतो, कोणी झटका मशीन आणतो. आणि ज्याला मशीन परवडत नाही तो रात्री डीपीवरून किंवा लाईनवर आकडा टाकून सरळ करंट तारेत सोडतो.

या दोन तारांतला फरक मेळाव्यात प्रत्येकाने समजून घ्यावा. झटका मशीन बॅटरीवर चालते. तारेत दाब हजारो व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता, आणि दोन झटक्यांच्या मध्ये तार मोकळी असते. जनावर दचकते, मागे सरते, जिवंत राहते. लाईनच्या २३० व्होल्टला असा श्वास नसतो. तार धरली की हाताची मूठ आवळते आणि सुटत नाही. तिथे डुक्कर, बैल आणि माणूस यांत भेद नाही. शेतीपंपाची वीज रात्री मिळते तेव्हा पाणी द्यायला निघालेला शेतकरी त्याच अंधारात, त्याच धुऱ्यावरून जातो. शेजाऱ्याच्या तारेला चिकटून शेजारी मेल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. मेलेल्याचे घर उघडे पडते आणि तार लावणारा तुरुंगात जातो. दोन्ही कुटुंबे आपलीच.

ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच शेताच्या तारेवर मेली. तिची बातमी देशभर झाली. तारेला चिकटलेल्या शेतमजुराची बातमी चार ओळींची असते, हे आम्ही रागाने लिहितो आहोत. पण त्या वाघिणीवर आमचा राग नाही.

आता थोडे दूर जाऊ. आफ्रिकेत बोट्सवाना नावाचा देश आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट जमीन, लोकसंख्या मात्र यवतमाळ जिल्ह्यापेक्षाही कमी. बराचसा मुलूख कालाहारीचा, कोरडा. तिथला खेडूत आपल्यासारखाच ज्वारी पेरतो आणि ज्वारीची कण्या-पेज खातो. पावसाने दगा दिला तर त्याचाही आधार गुराढोरांवरच. या देशाचे गोमांस युरोपात विकले जाते. युरोपची अट अशी की लाळ्या-खुरकूत असलेल्या जंगली जनावरांचा गुरांशी संबंध येता कामा नये. म्हणून १९५८ मध्ये, इंग्रजांचे राज्य असतानाच, कुके नावाचे कुंपण घातले गेले. सुमारे ३०० किलोमीटर लांब, पूर्व-पश्चिम, सरळ रेघ मारल्यासारखे. पुढे अशी आणखी कितीतरी कुंपणे झाली.

कालाहारीत वाइल्डबीस्ट नावाचे हरणाच्या कुळातले, गायीसारखे दिसणारे जनावर हजारोंच्या कळपाने राहते. चांगल्या पावसाच्या वर्षी ते जागेवर असते. दुष्काळात मात्र पाण्याच्या दिशेने निघते. १९८० नंतरच्या मोठ्या दुष्काळात ही जनावरे पाण्याकडे निघाली आणि तारेला येऊन अडली. तारेच्या कडेकडेने चालत, उरलीसुरली ताकद संपवत ती झाऊ तळ्याच्या बाजूला पोचली. तिथे काठावर लोकांची गुरे आणि वस्त्या होत्या. एकट्या १९८३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त जनावरे मेली असा अंदाज तेव्हा केला गेला. शिकारीवर जगणाऱ्या बुशमन लोकांच्या तोंडचा घासही त्याबरोबर गेला.

गोमांसाचा पैसा आला हे खरे. त्या देशाने त्यातून कमाई केली. पण कोणाच्या घरी? १९७५ मध्ये तिथल्या सरकारने चराऊ जमिनीचे धोरण आणले. मोठ्या गुरेवाल्यांना आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद असे पट्टे ५० वर्षांच्या कराराने कुंपण घालायला दिले. हेतू असा सांगितला की मोठी खिल्लारे आत गेली की गावाचे गायरान गरिबांना मोकळे होईल. झाले उलटे. बड्या मालकांनी आतले गवत संपवले आणि तीच गुरे पुन्हा गायरानात सोडली. आतला चारा त्यांचा एकट्याचा, बाहेरचा सगळ्यांचा म्हणजे त्यांचाही. आपल्याकडे ई-क्लास जमिनीवर कोणाकोणाची तार आहे ते ज्याच्या त्याच्या गावाने मनातल्या मनात मोजावे.

त्याच देशातली एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यातून जात नाही. झेब्रे ओकावांगोच्या पाणथळातून मकगाडीकगाडीच्या माळावर जात असत, ती वाट १९६८ मध्ये कुंपणाने तोडली. २००४ मध्ये ते कुंपण काढले. मधल्या ३६ वर्षांत झेब्र्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. जुनी वाट पाहिलेले एकही जनावर शिल्लक असणे शक्य नव्हते. तरी काही वर्षांतच कळप पुन्हा त्या दिशेने चालू लागले.

आपल्या रोह्याचेही असेच आहे. तार घातल्याने त्याची भूक संपत नाही, त्याचे फक्त शेत बदलते. ज्याच्याकडे पैसा किंवा वशिला आहे त्याची तार आधी होणार आणि सगळा कळप विधवा बाईच्या दोन एकरांत उतरणार. एक एक करून सगळ्यांनी घातली तर पांदण बंद, नाल्याकडची वाट बंद, मेंढपाळाचा रस्ता बंद. पाच फुटांची तार रोही उडी मारून ओलांडतो, डुक्कर खालून उकरते. चिकटून राहते ते दुसऱ्याचे वासरू.

हिशेबही पाहा. चौकोनी पाच एकराला साधारण ५७० मीटर तार लागते. असे वीस शेतकरी वेगवेगळे घालू लागले तर ११ हजार मीटरच्या वर. तेच शंभर एकर एकत्र घेऊन बाहेरून एकच कुंपण केले तर अडीच हजार मीटरच्या आसपास. पाव हिश्शापेक्षा कमी! उरलेली तार कोणाच्या दुकानातून विकली जाणार आहे, याचा विचार ठराव लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. सामायिक कुंपणाला भांडणे होतात, देखभाल कोणी करायची यावर पहिल्याच वर्षी तोंडे फिरतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. गवत वाढून तारेला टेकले की झटका उतरतो. ते गवत कापायला पाळी लावावी लागेल.

आणि कुंपणाने वाचणार नाही त्या पिकाचे काय? कायद्याने रोह्याला हात लावायचा नाही, म्हणजे जनावर सरकारच्या राखणीत आहे. मग त्याची चराई शेतकऱ्याने का भरावी? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की खरीप २०२६ पासून जंगली जनावरांचे नुकसान पीक विम्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरले जाईल. जनावरांची यादी आणि भाग राज्याने ठरवायचे, शेतकऱ्याने ७२ तासांत ॲपवर फोटो टाकायचा. शेतात रेंज नाही, त्यांनी कुठे उभे राहून फोटो टाकावा? यादीत आपला तालुका आणि आपले डुक्कर आहे की नाही, हे तहसीलवर जाऊन आत्ताच विचारले पाहिजे.

म्हणून आमची दुरुस्ती अशी. अनुदान एकेका गटाला न देता शिवाराच्या सामायिक सौर कुंपणाला द्यावे. आराखडा ग्रामसभेत नकाशावर आखावा. पाण्याची, पांदणीची आणि मेंढरांची वाट मोकळी ठेवावी. शेतीपंपाला वीज दिवसा मिळावी. पंचनामा मुदतीत झाला नाही तर शेतकऱ्याचा अर्ज हाच पंचनामा मानावा. आणि लाईनचा करंट तारेत सोडणाऱ्याला संघटनेचा पाठिंबा नाही, हे ठरावातच लिहावे. या शेवटच्या वाक्यावर आरडाओरडा होईल. होऊ द्या. दुपारच्या सत्रात दुरुस्ती मांडू तेव्हा ज्यांच्या शेजारी असा मृत्यू झाला आहे, त्यांनी आधी बोलावे.