कायदा मागू; पण पावतीही मागू



अधिवेशन जवळ आले की आमदारांकडे निवेदनांची रीघ लागते. रस्ता, वीज, पाणी, ऊसदर हे मागावेच. पण आपला जीव आणि पैसा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी विधानसभेत आधी काय हाती घ्यावे, हे सांगायला कोणी जात नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसे. गटागटांत हिंडताना जे दिसते त्यावरून दोनच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट बोगस बियाणे, खते आणि औषधांची. १९६६ च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो जास्तीत जास्त ५०० रुपये! एवढ्याला कोण भितो? २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने या फसवणुकीविरुद्ध पाच विधेयके मांडली. त्यांत शेतकऱ्याला नुकसानभरपाई देण्याची तरतूद होती. ती संयुक्त समितीकडे गेली. विक्रेत्यांनी त्यांना विरोध केला. "कंपनीचा सीलबंद माल आम्ही विकतो, आमचा काय दोष?" हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून भरपाईचा पहिला भार उत्पादकावर असावा आणि निकाल ठरावीक मुदतीत लागावा, असा आग्रह आमदारांनी धरावा, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र आमचीच मान खाली जाते. गळीत सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागे लाल रिफ्लेक्टर नाही, असलाच तर चिखलाने माखलेला. टायर फुटला की ट्रॉली जागेवरच उभी, चाकाला दगड. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतो. मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा आपल्याच गावचा असतो. रिफ्लेक्टरचा नियम आहे, पण पाळतो कोण? एकट्या कारखान्याने ट्रॉली अडवली तर वाहतूकदार शेजारच्या कारखान्याकडे वळतो. म्हणून 'रिफ्लेक्टर नाही तर काट्यावर ट्रॉली नाही' हे बंधन राज्यातील सहकारी आणि खाजगी, सर्व कारखान्यांना सारखेच हवे. हे काम विधिमंडळाचेच आहे.

आता आपल्याकडचे बघू. "पावती कशाला, दुकानदार ओळखीचाच हाय" असे म्हणून आपण बाटली घेऊन येतो. पीक करपले की मग शेतकी ऑफिसात धाव! शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मालापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. पण पुरावा लागतो. तेव्हा बॅच नंबर घातलेले पक्के बिल घ्या, रिकामी पिशवी टाकू नका, थोडा माल जपून ठेवा.

आणि ट्रॉली रस्त्यावर काढण्याआधी मागचा रिफ्लेक्टर फडक्याने पुसा. चाकाचा दगड उचलल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नका. आमदारसाहेब कायदा करतील तेव्हा करतील. हे तर आजच करता येईल.