साचा लिपीचा, गाण्याचा नव्हे

‘साच्यात बसवले की गाणे मरते’, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. उत्तरायुष्यात नाशकात आश्रम स्थापणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वरलिपीची पुस्तके छापली, ती काय गाणे मारण्यासाठी? मंद्र स्वराचे टिंब भातखंडे पद्धतीत खाली, पलुसकर पद्धतीत वर. आज ते प्रत्येक बंदिशीत हाताने चिकटवले जाते. अक्षराचा आकार बदलताच घसरते आणि सप्तकच बदलते. लिलिपाँडसारख्या मुक्त संगणकप्रणालीत स्वर साध्या मजकुरात लिहावेत. टिंबे, त्रितालाच्या १६ मात्रा, सम, खाली यांचा साचा वेगळ्या फाइलीत एकदाच घडवावा. साचा बदलताच तीच बंदिश दुसऱ्या पद्धतीत छापता येईल. प्रणाली पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी घडलेली. आपला साचा आपणच रचायला हवा. मींड कागदावर मावत नाही, हे खरेच. म्हणून टिंबही घसरू द्यायचे काय?