कारखान्यात रात्री कोण झोपतं?

18 मे 2025. पहाटे पावणेचारच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सेंट्रल टेक्स्टाइल मिलला आग लागली आणि आठ माणसं गेली. चौघे कामगार होते. उरलेले चौघे म्हणजे खुद्द मालक आणि त्यांच्याच घरातली तीन माणसं. त्यातलं एक बाळ दीड वर्षाचं. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा सांगितला गेला. पुढं सगळं रीतीप्रमाणे झालं. पुढाऱ्यांच्या भेटी, मदतीच्या घोषणा आणि ‘सगळ्या कारखान्यांचं फायर ऑडिट करा’ ही मागणी.

मी वायरमन आहे. सोलापूरच्या पूर्व भागात आणि एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडची वायरिंग करण्यात माझं आयुष्य गेलं. ऑडिटला माझा विरोध असायचं कारण नाही, उलट त्यात माझ्यासारख्याला चार पैसेच मिळतात. पण ऑडिटचा कागद भरताना एक प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नाही : इथं रात्री कोण झोपतं, आणि आग लागली तर ते कुठून बाहेर पडणार?

महाराष्ट्रातल्या अशा आगी आठवून बघा. डिसेंबर 2016, पुण्यात कोंढव्याची बेकरी : सहा कामगार आत झोपलेले, दाराला बाहेरून कुलूप. मे 2019, उरुळी देवाचीचं साड्यांचं दुकान : पाच कामगार, पुन्हा बाहेरून कुलूप. 31 डिसेंबर 2023, वाळूजचा हातमोज्यांचा कारखाना : मध्यरात्रीनंतर, सहा जण, तेही आतच झोपलेले. दिवसा मशीन चालू असताना आग लागली तर माणूस ओरडतो, पळतो, मेन स्विच पाडतो. झोपलेल्या माणसाला आधी धूर गाठतो, ज्वाळा नंतर येतात.

आता शॉर्टसर्किटबद्दल, कारण त्यात मला थोडं कळतं. शॉर्टसर्किट म्हटलं की लोकांना ते वीज पडल्यासारखं वाटतं, दैवाचा फेरा. तसं ते क्वचितच असतं. आमच्याकडच्या टॉवेलच्या शेडमध्ये कापसाची बारीक रुई दिवसभर उडत असते. पंख्यावर, ट्यूबवर, केबलच्या ट्रेवर आणि पॅनेलच्या आत तिचा थर बसतो. पॅनेलचं दार बहुतेक ठिकाणी उघडंच, कारण बंद केलं की आतला कॉन्टॅक्टर तापतो. एखादा स्क्रू मागाच्या हादऱ्यानं ढिला होतो, तिथं ठिणगी पडायला लागते, आणि त्याच्याभोवती रुई जमलेलीच असते. त्यात मालकाची हाक येते : “मिस्त्री, हा एमसीबी सारखा पडलालाय बघा, मोठा बसवा.” तिथली केबल 6 चौरस मिलिमीटरची, तिच्या मापाचा एमसीबी 32 अँपिअरचा. जागी 63चा बसवला की तो पडायचा थांबतो, केबल मात्र तीच राहते. आता जास्तीचा करंट तिच्यातून वाहतो आणि ती भिंतीच्या आत गप तापत राहते. एमसीबी मशीनसाठी नसतो हो, तो वायरीसाठी असतो. हे मी किती सावकारांना सांगितलं असेल! निम्मे ऐकतात. उरलेले दुसरा मिस्त्री बोलावतात.

आणि टॉवेलचा माल. चादर घट्ट विणीची असते, टॉवेलच्या फासांमध्ये हवा खेळती असते. गठ्ठ्याला आग लागली की ती आत शिरून धुमसत बसते, वरून पाणी मारलं तरी पोटातली विझत नाही. खाली माल आणि वर राहायच्या खोल्या, अशा इमारतीतला एकुलता जिना आगीच्या वेळी गिरणीच्या धुराड्याचं काम करतो. म्हणजे उतरायची वाट सगळ्यात आधी बंद.

कायद्याचं काय? 1948चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की लागू व्हायचा. महाराष्ट्रानं 2015मध्ये ती मर्यादा वीस केली, आणि 21 नोव्हेंबर 2025पासून देशभर लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही वीसच आहे. सोलापुरात एक कामगार एकाहून जास्त माग बघतो, त्यामुळं बाराएक मागांच्या शेडला वीस माणसं लागतच नाहीत. अशी शेड कायद्याच्या व्याख्येत कारखानाच ठरत नाही. नव्या संहितेत निरीक्षकानं सुविधाकारही व्हायचं आहे, तपासणीच्या जागा संगणक निवडून देणार आहे. इन्स्पेक्टर राज नको, हे मलाही पटतं. पण जी शेड यादीतच नाही, तिची चिठ्ठी संगणक काढणार कशी?

2006चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा त्या मानानं शहाणा. तो हजेरीपट न मोजता इमारत बघतो. मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घेऊन आगीची यंत्रणा चालू असल्याचं कळवायचं असतं. म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी येऊन बघायचं. प्रत्यक्षात काय होतं, हे एमआयडीसीत कुणालाही विचारा. लाल बाटल्यांना नवं लेबल चिकटतं, फोटो निघतो, सर्टिफिकेट व्हॉट्सअॅपवर येतं. परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येणार असेल तर तयारी आणखी जोरात. आदल्या दिवशी पिवळे पट्टे रंगवलेले आणि वरच्या खोलीतली अंथरुणं टेम्पोत घालून हलवलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्या कारखान्याचं नाव घेत नाही, कारण तो एकटा नाही. कराचीच्या अली एंटरप्रायझेसला ऑगस्ट 2012मध्ये एसए 8000 हे मानाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्याच महिन्यात, 11 सप्टेंबरला, गज लावलेल्या खिडक्या आणि बंद दारांमागं तिथं अडीचशेहून जास्त माणसं मेली.

तरीही ‘मालकांना पैशाची हाव, कामगारांच्या जिवाची किंमत नाही’ हे नेहमीचं वाक्य आपल्या या आगीला मला लावता येत नाही. मालक नातवंडं-पतवंडं घेऊन त्याच छपराखाली झोपले होते. धोका कळला असता तर कोण तान्ह्या बाळाला तिथं झोपवील? सोलापुरात घर आणि माग पिढ्यान् पिढ्या एका छताखाली नांदले. पूर्व भागात पुढं माग, मागं चूल, असंच होतं. हातमागाच्या काळात ते खपून गेलं, तेव्हा विजेचा भार नव्हता की मालाचे ढीग नव्हते. हातमाग गेले, विजेवरचे रॅपिअर माग आले, ढीग छताला टेकले, खोल्या मात्र वर तशाच राहिल्या. दंडाच्या भीतीनं ही सवय सुटेल असं मला वाटत नाही. ज्याला स्वतःच्या घरच्यांसाठी धोका दिसला नाही, त्याला तो नोटिशीत कसा दिसणार?

कामगारांच्या बाजूनंही अडचण खरी आहे. परगावचा माणूस येतो, भाड्याची खोली परवडत नाही, मालक म्हणतो वरच राहा, रात्रीची राखणही होईल. कुंभारीच्या रे नगरमध्ये 30 हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. जानेवारी 2024मध्ये त्यातली 15 हजार घरं विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या कष्टकऱ्यांना मिळाली, आणि सोलापूरनं त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तीन-चार वर्षांसाठी आलेल्याला घर विकत घ्यायचं नसतं, त्याला खाट आणि नळ हवा असतो. एमआयडीसीनं दोन भूखंडांवर भाड्याची कामगार वसतिगृहं बांधली तर निम्मा प्रश्न तिथंच सुटेल. औद्योगिक भूखंड वर्षानुवर्षं रिकामे पडलेले सगळ्यांनाच दिसतात.

तोवर काय करायचं? अग्निशमन दलानं आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयानं मिळून एमआयडीसीत रात्री अकरानंतर फेरी मारावी. कारखान्यात अंथरूण दिसलं की पहिल्या खेपेला दंड करू नये, नाहीतर पुढच्या वेळी अंथरुणं लपवतील. खाली माल असलेल्या मजल्यावरचं झोपणं मात्र त्याच रात्री बंद करावं. इतर ठिकाणी दुसरी वाट महिन्याभरात काढायला लावावी आणि महिन्यानं पुन्हा रात्रीच जाऊन बघावी. मधल्या काळात फॉर्म बीच्या एजन्सीनं बाटल्यांच्या फोटोबरोबर त्या वाटेचाही फोटो जोडावा.

बाहेरून जिना लावला तर चोर चढतील, ही तक्रार मला दर वेळी ऐकायला मिळते. त्यावर उपाय आहे. जिन्याची शेवटची शिडी वर उचलून ठेवता येते. खिडकीच्या ग्रिलला बिजागरी लावून आतून उघडणारी कडी बसवायची, कुलूप अजिबात नाही. कडी अशी हवी की अंधारात चाचपडूनही पोराच्या हाताला लागावी. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.