परतफेड कोणाची, प्रगती कोणाची?



'बायका कर्ज बुडवत नाहीत.' हे वाक्य आपण वर्षानुवर्षे कौतुक म्हणून ऐकत आलो आहोत. बँकेचे साहेब ते सांगतात, मंत्री भाषणात सांगतात, कंपन्या जाहिरातीत छापतात. ह्या कौतुकाच्या पोटात काय आहे, ते एकदा तपासायला हवे. हल्ली कोणतेही धोरण आखताना 'पुरावा काय?' असे विचारले जाते. विचारलेच पाहिजे. पुरावा मागण्याला माझा विरोध नाही. पण कशाला पुरावा म्हणायचे हे कोण ठरवते, हा माझा प्रश्न आहे.

बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना 2006 साली शांततेचे नोबेल मिळाले. गरीब बाईला छोटे कर्ज मिळाले की ती धंदा उभारते, घरात तिच्या शब्दाला वजन येते, मुले शिकतात, अशी ही मांडणी. आपल्याकडे खाजगी कंपन्यांनी ती उचलली आणि पुरावा म्हणून एकच आकडा पुढे केला: परतफेड 95 टक्क्यांहून अधिक.

पण परतफेड हा कंपनीच्या तब्येतीचा आकडा आहे, बाईच्या नव्हे. हप्ता भरला गेला, एवढेच तो सांगतो. तो कुठून आला हे सांगत नाही. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे बायका ते सांगतात. एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून जातो, कधी मंगळसूत्र गहाण पडते, कधी दूध बंद होते. गटातल्या एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, म्हणून वसुलीचा तगादा कंपनीच्या माणसाआधी शेजारीणच लावते. 'विनातारण कर्ज' म्हणतात, पण बाईची अब्रू आणि शेजारणीशी असलेले नाते हेच तिथे तारण असते.

हे सांगितले की उत्तर मिळते, 'ह्या कहाण्या झाल्या, पुरावा नव्हे.' ठीक आहे, पुरावाच घेऊ. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 104 वस्त्या निवडल्या. त्यांतल्या चिठ्ठी टाकून ठरवलेल्या 52 वस्त्यांत कर्ज देणारी शाखा आधी उघडली, उरलेल्या 52 मध्ये त्या काळात नाही. मग दोन्हींची तुलना केली. काही घरांत धंद्यात गुंतवणूक वाढली, टिकाऊ वस्तू आल्या. पण आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि घरच्या निर्णयांतला बाईचा वाटा ह्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को येथील अभ्यासही त्याच सुमारास आले. सहांचा मिळून सूर एकच: थोडाफार लाभ, कायापालट नाही.

ह्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. सरासरीत तरलेली आणि बुडालेली एकत्र मोजली जाते, आणि बैठकीत झालेला अपमान कोणत्याच रकान्यात बसत नाही. पण 'पुरावा, पुरावा' म्हणणाऱ्यांनी निदान स्वतःचा पुरावा तरी मानावा! तसे झाले नाही. धंदा वाढतच राहिला.

धंदा किती मोठा, हे 2010 साली दिसले. एसकेएस मायक्रोफायनान्सने शेअर बाजारातून 1,600 कोटी रुपयांहून अधिक उभे केले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वसुलीवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेने 2011 साली व्याजावर मर्यादा घातली. 1 एप्रिल 2022 पासून ती उठली. आता व्याजदर कंपनीचे संचालक मंडळच ठरवते. आपल्याकडे नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर विदर्भातल्या बायका ह्या कर्जांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, हेही विसरू नये.

आता उपाय म्हणून तंत्रज्ञान आले आहे. आधार जोडा, अंगठा लावा, टॅबलेटवर माहिती भरा, कर्ज मंजूर. नियम असा की कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी. नियम चांगला आहे. पण निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईचे 'मासिक उत्पन्न' म्हणजे काय? पावसाळ्यात काम, उन्हाळ्यात बसून. टॅबलेटच्या रकान्यात मात्र एकच आकडा भरावा लागतो, आणि कर्ज देण्याचे लक्ष्य ज्याच्या डोक्यावर आहे तोच माणूस तो भरतो. यंत्र खोटे बोलत नाही म्हणतात. त्याला सांगितलेले खोटे मात्र ते खरे म्हणून जपून ठेवते. पुढे हप्ता चुकला की त्याची नोंद कर्ज देणाऱ्या कंपन्यांना आणि बँकांना दिसते. अंदाज चुकवणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही.

बाईला कर्ज नको असे मी म्हणत नाही. सावकाराचे दार आपण पाहिले आहे. आपल्या बचत गटांत स्वतःची बचत, स्वतः ठरवलेले व्याज आणि अडलेलीला मुदत देण्याची मुभा असते. ती मुभा टिकवणारे स्वस्त सरकारी कर्ज हवे.

आणि मोजमाप आपल्या हाती हवे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने वहीत पाच गोष्टी लिहाव्यात. कर्ज कोणी वापरले? हप्ता कुठून भरला? एकूण किती कंपन्यांचे कर्ज आहे? काय गहाण पडले? हप्त्यापायी घरात कोणाचे खाणे, औषध, शाळा तुटली? नावे लिहू नका. ह्या वह्या घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बँकांकडे जाऊ. पुरावा मागतात ना? मग हाही पुरावाच आहे, आणि तो आपण मोजलेला आहे.