मार्क इंग्रजीला, माणसाला नव्हे

मी कॉन्व्हेंटची, म्हणून होस्टेलवर सगळ्या म्हणतात, "तुला काय टेन्शन!" पण ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला कॉन्व्हेंट चालत नाही. जमैकाच्या नागरिकाला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागत नाही, आपल्याला लागतो. ८ जानेवारी २०२६ पासून तर नव्या अर्जदारांसाठी पातळी बी१ वरून बी२ झालीय. म्हणजे आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत किमान ५.५. डिग्री इंग्रजीतून झाली असेल तर परीक्षा टळते, पण एक्टिस या संस्थेकडून तसं लिहून आणावं लागतं.

मला याचा राग नाही. परीक्षा निदान फक्त इंग्रजीच मोजते. आपण मात्र इंग्रजीवरून माणूस मोजतो. धुळ्याकडची अहिराणी बोलणारी मुलगी रात्रभर सगळ्यांना सर्किट समजावते आणि व्हायव्हाला अडखळली की तेच सगळे हसतात! अहो, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचं नाव दिलं, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

५.५ सरावाने मिळतात, पण हसणाऱ्यांसमोर सराव होत नाही. तेव्हा मेसमध्ये रोज अर्धा तास इंग्रजी बोलू या. चुकलं तरी चालेल, हसलेलं चालणार नाही. बघा पटतंय का!