विसाव्या किकआधी

परवा साखऱ्यात फजरनंतर आमच्या अब्बांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर सुरूच होईना. धाकटीची सेनगावला परीक्षा आणि एसटी निघून गेलेली. थोरल्याने चोक ओढून वीसेक किका मारल्या. अंगणभर पेट्रोलचा वास सुटला.

अब्बा म्हणाले, "थांब बेटा. ती तहानलेली नाही, बुडालीय."

प्लग काढला तर ओलाचिंब! म्हणजे पेट्रोल पोचत होते, पण गरजेपेक्षा जास्त. तो कोरडा निघाला असता, तर दोष पेट्रोलच्या कॉकमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये शोधावा लागला असता. आम्ही स्विच आणि कॉक बंद केला, चोक आत सारला, प्लगविनाच एक्सलेटर पूर्ण पिळून सात-आठ किका मारल्या. साचलेले पेट्रोल बाहेर आले. प्लग पुसून, पॉलिश पेपरने घासून, वाळवून परत बसवला. कॉक उघडला, स्विच चालू केला. दुसऱ्या किकला इंजिन बोलले. अल्हम्दुलिल्लाह, धाकटी वेळेत पोचली.

माझदा आरएक्स-७ सारख्या रोटरी इंजिनाच्या जुन्या मोटारीही थंड असताना सुरू करून लगेच बंद केल्या, की अशाच तुंबतात. त्यांचाही इलाज हाच: पेट्रोल रोखा, प्लग काढा, इंजिन फिरवून कोरडे करा.

हे काम मोकळ्या जागीच करावे. विडी-काडी दूर, मुले त्याहून दूर.

दुआ तर हवीच. पण सब्र म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे, आणि नुसत्या किका मारत राहणे तर नव्हेच.